प्लुटोनियमचा ताळा : ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब कोणत्या मापाने?

धारवाडला लागून असलेल्या नरेंद्र गावच्या उपकेंद्रात ४०० केव्ही क्षमतेच्या ज्या वाहिन्या येऊन मिळतात, त्यांत कारवार तालुक्यातील कैगा अणुवीज केंद्रातून निघालेल्या वाहिन्याही आहेत. गोव्याच्या वाचकांना नरेंद्र हे नाव अपरिचित नाही. मोलेच्या जंगलावरून ज्या गोवा-तम्नार प्रकल्पाचा वाद पेटला, त्यातील ४०० केव्हीची वाहिनी शेल्ड्याला याच नरेंद्रशी जोडण्यासाठी आखलेली आहे. कैगात तयार झालेली वीज हुबळी-धारवाडच्या घरांपर्यंत पोहोचली की हेस्कॉमचे मीटर तिचा युनिटनिशी हिशेब ठेवते. या विजेबरोबर कैगाच्या अणुभट्ट्यांत आणखी एक पदार्थ तयार होत असतो. तो तारेतून येत नाही, कोणाच्या बिलात दिसत नाही. पण त्याचा हिशेब युनिटपेक्षा कितीतरी काटेकोरपणे ठेवावा लागतो. तो पदार्थ म्हणजे प्लुटोनियम.

हा हिशेब ठेवतात कसा, आणि तो बरोबर आहे याची खात्री कशाच्या आधारे देता येते, हे समजून घेताना एका दुर्लक्षित विषयाशी गाठ पडते. तो विषय आहे प्लुटोनियमच्या ‘संदर्भ द्रव्यां’चा. बाजारातील तराजूला जसे शिक्का मारलेले वजन, तसे प्लुटोनियम मोजणाऱ्या प्रयोगशाळेला संदर्भ द्रव्य.

कैगात किती प्लुटोनियम तयार होते?

कैगात प्रत्येकी २२० मेगावॉट क्षमतेच्या चार अणुभट्ट्या आहेत. त्यांत नैसर्गिक युरेनियमचे इंधन आणि जड पाणी वापरले जाते. इंधनाच्या एका जुडग्यात सुमारे १५ किलो युरेनियम डायऑक्साइड असते. या प्रकारच्या भट्टीचे वैशिष्ट्य असे, की इंधन बदलण्यासाठी ती बंद करावी लागत नाही. पूर्ण क्षमतेने चालू असताना दररोज साधारण आठ जुडगी बाहेर काढून तेवढीच नवी घातली जातात. कैगाची पहिली भट्टी १३ मे २०१६ पासून ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत सलग ९६२ दिवस चालली, ती या सोयीमुळेच.

बाहेर आलेल्या एका जुडग्यात अंदाजे ५० ग्रॅम प्लुटोनियम तयार झालेले असते. युरेनियम-२३८ च्या अणुकेंद्राने न्यूट्रॉन शोषला की दोन टप्प्यांनंतर त्याचे प्लुटोनियम-२३९ होते. अशा एका भट्टीचे सरासरी काम गृहीत धरले, तर वर्षाला सव्वाशे किलोच्या आसपास प्लुटोनियम वापरलेल्या इंधनात साठते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने प्लुटोनियमसाठी ‘लक्षणीय मात्रा’ ठरवली आहे ती ८ किलोंची. एवढे प्लुटोनियम हाती असल्यास अणुस्फोटक तयार होण्याची शक्यता नाकारता येत नाही, असा त्या आकड्याचा अर्थ आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवले म्हणजे हिशेबाचे गांभीर्य वेगळे सांगावे लागत नाही.

मात्र जुडग्यातील ५० ग्रॅम हा आकडा वजन करून मिळालेला नसतो. इंधन भट्टीत किती काळ होते, त्यातून किती उष्णता काढली, यावरून तो गणिताने काढतात. जुडगे अखंड आहे तोवर हिशेब नगांचा असतो : इतकी जुडगी आत गेली, इतकी बाहेर आली, इतकी पाण्याच्या तलावात आहेत. प्लुटोनियमची खरी मोजणी सुरू होते ती हे इंधन पुनर्प्रक्रिया केंद्रात आम्लात विरघळवल्यानंतर.

ताळेबंद आणि त्यातील तफावत

पुनर्प्रक्रिया म्हणजे वापरलेल्या इंधनातून युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळे काढणे. भारतात हे काम प्रथम मुंबईजवळ ट्रॉम्बे येथे सुरू झाले. होमी सेठना यांच्या नेतृत्वाखाली ‘फिनिक्स’ या नावाने उभारलेला प्लुटोनियम प्रकल्प १९६४ मध्ये कार्यान्वित झाला आणि जानेवारी १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याचे राष्ट्रार्पण झाले. पुढे तारापूर आणि कल्पाक्कम येथेही अशी केंद्रे उभी राहिली.

या केंद्रांचा हिशेब किराणा दुकानाच्या साठ्यासारखाच असतो. आरंभीचा साठा घ्यावा, त्यात आवक मिळवावी, जावक वजा करावी. जे उरायला हवे आणि प्रत्यक्ष मोजल्यावर जे सापडते, त्यांतील फरक म्हणजे तफावत. तफावत शून्य यावी ही अपेक्षा असते. प्रत्यक्षात ती कधीच नेमकी शून्य येत नाही, कारण प्रत्येक मोजणीत थोडी अनिश्चितता असते. टाकीतील द्रावणाची पातळी, त्याची घनता, त्यातून घेतलेला नमुना, नमुन्यातील प्लुटोनियमचे प्रमाण या प्रत्येक पायरीवर थोडी चूक मिसळते. नळ्यांत आणि गाळण्यांत काही द्रव्य अडकून राहते, काही टाकाऊ द्रावणात जाते.

म्हणून खरा प्रश्न ‘तफावत आहे का’ असा नसून ‘ही तफावत मोजणीच्या अनिश्चिततेत बसते का’ असा असतो. पुनर्प्रक्रिया केंद्राच्या ताळेबंदासाठी एक टक्का अनिश्चितता आंतरराष्ट्रीय पातळीवर साध्य मानली गेली आहे. वर्षाला १,००० किलो प्लुटोनियम हाताळणाऱ्या केंद्रात एक टक्का म्हणजे १० किलो. हा आकडा ८ किलोंच्या लक्षणीय मात्रेपेक्षा मोठा आहे! मोजणी जितकी ढिली, तितकी चोरी, गळती आणि निव्वळ मापनदोष यांच्यातील रेषा पुसट होत जाते.

दोन धडे : तोकाई आणि सेलाफिल्ड

जपानमधील तोकाई पुनर्प्रक्रिया केंद्राच्या हिशेबात सुमारे २५ वर्षांत मिळून २०६ किलो प्लुटोनियम कमी भरत असल्याचे जानेवारी २००३ मध्ये जाहीर झाले. हाताळलेल्या एकूण प्लुटोनियमच्या ते सुमारे तीन टक्के होते. फेरतपासणीनंतर एप्रिलमध्ये हा आकडा ५९ किलोंवर आला. उरलेल्यापैकी काही प्लुटोनियम टाकाऊ द्रव्यात गेले होते, तर काही किरणोत्सर्गी क्षयाने दुसऱ्याच मूलद्रव्यात रूपांतरित झाले होते. प्लुटोनियम पळवल्याचा पुरावा मिळाला नाही. पण मोजमापातील लहान त्रुटी वर्षानुवर्षे एकाच दिशेने साचत गेल्या, तर त्यांचा डोंगर कसा होतो, याचे हे उदाहरण आहे.

ब्रिटनमधील सेलाफिल्डच्या ‘थॉर्प’ केंद्रात वेगळेच घडले. एप्रिल २००५ मध्ये तेथील एका बंदिस्त कक्षात ८३ घनमीटर द्रावण सांडलेले आढळले. तुटलेल्या नळीतून ते महिनोन् महिने गळत होते. त्यात सुमारे २० टन युरेनियम आणि १६० किलो प्लुटोनियम होते. कक्षाच्या पोलादी अस्तरामुळे ते बाहेर पडले नाही. गळतीकडे बोट दाखवणाऱ्या इशाऱ्यांत द्रव्याच्या हिशेबातील तफावतही होती. त्यानंतर कॅमेऱ्याने पाहणी झाली आणि फुटलेली नळी दिसली. चोर पकडण्यासाठी लिहिलेल्या खातेवहीने येथे गळती दाखवून दिली. ही बाब अणुकेंद्राच्या परिसरात राहणाऱ्यांसाठी महत्त्वाची आहे.

संदर्भ द्रव्य म्हणजे नेमके काय?

हुबळीच्या अमरगोळ बाजार समितीत शेतमाल तराजूवर चढतो तेव्हा शेतकऱ्याचा विश्वास व्यापाऱ्यापेक्षा वजनावरील शिक्क्यावर असतो. वैधमापन खात्याच्या नियमानुसार लोखंडी वजनांची दर २४ महिन्यांनी आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची दर १२ महिन्यांनी फेरपडताळणी करावी लागते. निरीक्षकाकडचे वजन त्याहून अचूक वजनाशी ताडलेले असते, आणि ही साखळी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील ५७ क्रमांकाच्या प्लॅटिनम-इरिडियमच्या किलोग्रॅमपर्यंत पोहोचते. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या ठोकळ्याऐवजी निसर्गातील स्थिरांकावर आधारलेली आहे. साखळीची गरज मात्र तशीच आहे.

प्लुटोनियमच्या बाबतीत नुसते वजन पुरत नाही. पदार्थात प्लुटोनियम किती आणि इतर काय किती, हे रासायनिक मोजणीने ठरवावे लागते. शिवाय प्लुटोनियम एकजिनसी नसते. त्यात २३८, २३९, २४०, २४१ आणि २४२ असे समस्थानिक मिसळलेले असतात. त्यामुळे संदर्भ द्रव्ये मुख्यतः दोन प्रकारची लागतात. पहिल्या प्रकारात प्लुटोनियमचे एकूण प्रमाण नेमके माहीत असते, तर दुसऱ्यात समस्थानिकांचे परस्पर प्रमाण. प्रयोगशाळेतील उपकरण आणि पद्धत आधी या ज्ञात द्रव्यावर तपासून घेतात आणि मगच अज्ञात नमुन्याकडे वळतात.

धारवाडच्या महाविद्यालयातील प्रयोग, ट्रॉम्बेतील मोजणी

प्लुटोनियम मोजण्याची एक प्रमुख पद्धत धारवाडमधील विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला ओळखीची वाटेल. पोटॅशियम डायक्रोमेटचे प्रमाणित द्रावण ब्युरेटमधून थेंबथेंब सोडून लोहाचे प्रमाण काढणे हा पदवीच्या प्रयोगवहीतील नेहमीचा प्रयोग. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये विकसित झालेल्या आणि ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही वापरात असलेल्या पद्धतीत प्लुटोनियमचे आधी पूर्ण ऑक्सिडीकरण करतात, मग त्यात मोजून जास्तीचे लोह घालतात. प्लुटोनियमशी विक्रिया होऊन जेवढे लोह उरते, ते डायक्रोमेटने अनुमापन करून ठरवतात. अंतिम बिंदू डोळ्यांऐवजी विद्युतप्रवाहाने ओळखला जातो. तत्त्व तेच, फरक असा, की येथे नमुना काही मिलिग्रॅमचा असतो, काम काचेच्या बंद पेटीत जाड हातमोजे घालून चालते आणि अपेक्षित अचूकता एक टक्क्याच्या काही दशांशांची असते.

दुसरी पद्धत समस्थानिक विरलीकरणाची. ती समजण्यासाठी हुबळीच्या उणकल तलावाची कल्पना करावी. तलावातील मासे मोजायचे आहेत. त्यात खूण केलेले १,००० मासे सोडले आणि ते पूर्ण मिसळल्यावर १०० मासे पकडले. त्यांत पाच खुणेचे निघाले, तर तलावात आता सुमारे २०,००० मासे आहेत आणि त्यांतील १९,००० मूळचे, असे म्हणता येते. प्रयोगशाळेत ‘खुणेचा मासा’ म्हणजे नमुन्यात ज्याचे प्रमाण अत्यल्प आहे किंवा अगदी वेगळे आहे असा प्लुटोनियमचा समस्थानिक. त्याची ज्ञात मात्रा नमुन्यात मिसळतात आणि मास स्पेक्ट्रोमीटर या उपकरणाने समस्थानिकांचे बदललेले गुणोत्तर मोजतात. टाकीतील संपूर्ण द्रावण तपासावे लागत नाही. लहानसा नमुना पुरतो.

या युक्तीचा सारा भार एका आकड्यावर आहे. सोडलेले मासे १,००० ऐवजी ९९० असतील, तर तलावाचे उत्तरही त्याच प्रमाणात चुकेल, आणि कितीही वेळा जाळे टाकले तरी ती चूक उघड होणार नाही. यादृच्छिक चूक वारंवार मोजून कमी होते. मापातच असलेली चूक मात्र प्रत्येक मोजणीत तशीच उतरते. तोकाईचा धडा हाच होता. म्हणूनच मिसळण्याचे ते द्रव्य स्वतः प्रमाणित असावे लागते.

बेल्जियममधील गील येथील युरोपीय संशोधन केंद्र अशी द्रव्ये लहान कुप्यांत भरून तयार करते. एका कुपीत साधारण ५० मिलिग्रॅम युरेनियम आणि १.८ मिलिग्रॅम प्लुटोनियम असते. द्रावण सुकवून त्यावर सेल्युलोजच्या संयुगाचा पातळ थर देतात, म्हणजे प्रवासात कण सुटत नाहीत. मोठ्या पुनर्प्रक्रिया केंद्रांच्या निरीक्षणात या कुप्या वापरल्या जातात.

ट्रॉम्बेने वेगळे मीठ का शोधले?

आदर्श संदर्भ द्रव्याकडून चार अपेक्षा असतात. ते शुद्ध असावे, त्याची रासायनिक रचना निश्चित असावी, ते हवेत टिकावे आणि सहज विरघळावे. प्लुटोनियम या प्रत्येक अपेक्षेला अडचण आणते. शुद्ध धातू सर्वांत नेमका, पण हवेत त्याचे ऑक्सिडीकरण होते आणि बारीक कण आपोआप पेट घेऊ शकतात. ऑक्साइड टिकाऊ, पण उच्च तापमानाला भाजल्यावर आम्लात विरघळता विरघळत नाही. साध्या सल्फेटच्या स्फटिकांतील पाण्याचे प्रमाण स्थिर राहीलच असे नाही.

त्यातच प्लुटोनियमची संदर्भ द्रव्ये परदेशातून आणणे सोपे नसते. ग्रॅमभर द्रव्यासाठीही परवाने, विशेष पेट्या आणि दोन्ही देशांच्या संमती लागतात. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अणुविषयक व्यापाराची दारे भारताला बंद झाली, ती अणुपुरवठादार गटाने २००८ मध्ये सूट देईपर्यंत. या परिस्थितीत स्वतःचे माप स्वतः घडवणे क्रमप्राप्त होते.

भाभा अणुसंशोधन केंद्राच्या इंधन रसायनशास्त्र विभागाने यासाठी पोटॅशियम प्लुटोनियम सल्फेट या दुहेरी क्षाराचा अभ्यास केला. त्याच्या एका रेणूत पोटॅशियमचे चार अणू, प्लुटोनियमचा एक, सल्फेटचे चार गट आणि पाण्याचे दोन रेणू असतात. रचना निश्चित असल्यामुळे ठरावीक वजनात किती प्लुटोनियम असायला हवे, हे आधीच सांगता येते. हा क्षार हवेतील ओलावा सहसा शोषत नाही आणि सौम्य आम्लात विरघळतो. युरेनियमसाठी याच धर्तीवर रुबिडियम युरेनियम सल्फेटचा अभ्यास झाला.

क्षार तयार झाला म्हणजे संदर्भ द्रव्य तयार झाले, असे नाही. खरे काम त्यानंतर सुरू होते. एकाच घाण्यातील वेगवेगळ्या बाटल्यांतून नमुने घेऊन ते सारखे आहेत ना, हे पाहतात. प्लुटोनियमचे प्रमाण एकाहून अधिक स्वतंत्र पद्धतींनी ठरवतात, कारण एका पद्धतीतील लपलेला दोष त्याच पद्धतीने कितीही वेळा मोजून सापडत नाही. इतर प्रयोगशाळांकडेही नमुने दिले जातात. वजन करताना हवेच्या उत्प्लावकतेचाही हिशेब धरतात. शेवटी मूल्याबरोबर त्याची अनिश्चितता लिहितात. तिच्याविना मूल्याला प्रमाणित म्हणता येत नाही. डायक्रोमेटची शुद्धता, तराजूची वजने या सर्वांची साखळी पुन्हा मूळ मापांपर्यंत जाते. या अर्थाने अमरगोळच्या अडत्याचे वजन आणि ट्रॉम्बेच्या पेटीतील तराजू एकाच घराण्यातले आहेत.

स्वतःच बदलणारे माप

लोखंडी वजन झिजते, गंजते. पण प्लुटोनियमइतके ते बदलत नाही. प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य सुमारे २४,१०० वर्षांचे आहे. मात्र प्लुटोनियम-२४१ चे अवघे १४.३ वर्षांचे. क्षयानंतर त्याचे अमेरिशियम-२४१ होते. १०० किलो प्लुटोनियममध्ये २४१ चा वाटा पाच टक्के धरला, तर कोणी हात न लावताही वर्षाला सुमारे पाव किलो आणि दहा वर्षांत जवळपास दोन किलो प्लुटोनियम हिशेबातून कमी होते. ते चोरीला गेलेले नसते, सांडलेले नसते. ते प्लुटोनियमच राहिलेले नसते.

संदर्भ द्रव्यालाही हा नियम चुकत नाही. म्हणून त्याच्या प्रमाणपत्रावर मूल्याबरोबर तारीख असते. वापरण्याच्या दिवशी मूल्य किती उरले, हे अर्धायुष्यावरून काढावे लागते. किरणोत्सर्गाने क्षाराच्या स्फटिकांवर आणि कुपीतील थरावरही परिणाम होतो. काही वर्षांनी थर सुटू लागतो. त्यामुळे संदर्भ द्रव्य एकदा करून ठेवण्याची वस्तू नाही. ते पुन्हा पुन्हा तपासावे लागते, संपण्यापूर्वी नवे तयार करावे लागते आणि नव्याची जुन्याशी गाठ घालून द्यावी लागते. हे काम जाणणारी माणसे निवृत्त झाली आणि त्यांच्या जागी नवी तयार झाली नाहीत, तर साखळी तेथेच तुटते.

सीमाभागातील वाचकाने काय लक्षात ठेवावे?

भारत आणि अमेरिका यांच्यातील नागरी अणुसहकार्यासाठी २००६ मध्ये ठरलेल्या विभाजन आराखड्यात भारताने १४ अणुभट्ट्या आंतरराष्ट्रीय निगराणीखाली देण्याचे मान्य केले. कैगाच्या चार भट्ट्या त्यांत नाहीत. याचा अर्थ तेथे हिशेब नाही असा होत नाही. अणुऊर्जा विभागाची स्वतःची लेखाव्यवस्था आहे. पण बाहेरचा लेखापरीक्षक जेथे येत नाही, तेथे घरच्या मापाच्या खरेपणावर अधिक भार पडतो. कैगात प्रत्येकी ७०० मेगावॉटच्या आणखी दोन भट्ट्यांना केंद्र सरकारने २०१७ मध्ये मंजुरी दिली आहे. त्या चालू झाल्यावर काळी नदीच्या काठी साठणाऱ्या वापरलेल्या इंधनाचे प्रमाण बरेच वाढेल.

अणुप्रकल्पावरील चर्चेत सामान्यतः मेगावॉट, जमीन आणि किरणोत्सर्ग हे शब्द येतात. त्यांच्या जोडीने आणखी एक प्रश्न विचारायला हवा : हिशेबातील अनिश्चितता किती, आणि ती ज्या संदर्भ द्रव्यावर आधारलेली आहे, त्याची पडताळणी कोणी आणि केव्हा केली? या प्रश्नाचे उत्तर देताना साठ्याचा गोपनीय आकडा सांगावा लागत नाही. अमरगोळच्या बाजारात शेतकरी व्यापाऱ्याची वही मागत नाही. तो वजन उलटे करून शिक्क्यावरचे साल वाचतो.